फाटकाबाहेरची आजी

सोमवार, ४ मार्च. दुपारचे ३ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे कुणी म्हणायला नको की असं काही झालंच नव्हतं.

शाळा सुटली होती. फाटकापाशी, भर रस्त्यात, पंधरावीस लोकांदेखत, नातीच्या वर्गात नवीन आलेल्या एका मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. (दोन वेण्या, वाहतं नाक, रुमाल नाही.) तिनं विचारलं, ही तुझी आजी का? माझी नात म्हणाली, छे, ही आमच्याकडे कामाला आहे. मला सांभाळते.

स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. उच्चार मीच शिकवलेले.

तेव्हा माझ्या उजव्या हातात तिचं दप्तर होतं, डाव्या हातात रेनकोट, गळ्यात पाण्याची बाटली. मी पासपोर्ट कार्यालयातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. एक काळ असा होता की माझ्या टेबलावरून कागद हलल्याशिवाय कुणाला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. फोटोवर नजर टाकली की माणूस खरा की खोटा ते सांगायची मी. आणि इथे, परक्या देशात, माझ्या पोटच्या पोराची आठ वर्षांची पोर मला ओळखत नाही.

ठराव: अबोला. राणीसरकार स्वतःहून येऊन माफी मागत नाहीत तोवर एक शब्द नाही.

४.०५. अबोला तात्पुरता स्थगित. दूध पिताना तिला ठसका लागला. वर बघ, वर बघ, असं म्हणावं लागलं. हे बोलण्यात धरत नाही.

मंगळवार, ५ मार्च.

मुलाच्या कानावर घातलं. त्याचा कान माझ्याकडे, डोळे लॅपटॉपकडे. म्हणाला, आई, लहान आहे ग ती. वर्गातल्या सगळ्यांना न्यायला तशाच बायका येतात. आपल्यालाही एक असावी असं वाटलं असेल तिला. मी विचारलं, म्हणजे आजी असणं कमीपणाचं? म्हणाला, तसं नाही ग.

‘तसं नाही ग’ हे या घराचं परराष्ट्र धोरण आहे. माझं तोंड दिसलं की तेच जाहीर होतं.

सून ओले केस पुसत आली आणि म्हणाली, आई, मी बोलते तिच्याशी. माझ्या टॉवेलवर कोण हात पुसतं त्याबद्दलही ती अशीच बोलणार होती, गेल्या हिवाळ्यात.

बातम्या पाहिल्या. कुठल्याशा युद्धाबद्दल मोठमोठ्या देशांनी एकत्र बसून तीव्र चिंता व्यक्त केली आणि जेवायला उठले. घर काय, जग काय, सगळीकडे एकच कारभार.

बुधवार, ६ मार्च.

फाटकापाशी रोज ज्या बायका उभ्या असतात त्यांच्यात मी आजवर उभी राहत आले, ते केवळ तिथे झाडाची सावली आहे म्हणून. पाच वर्षं मी त्यांना फुकट जग समजावून सांगते आहे. समुद्र का चढतोय, धान्य का महागलं, निर्वासितांना सगळे देश एकमेकांच्या अंगावर का ढकलतात. त्या ऐकतात. निदान मान तरी हलवतात.

आज त्यांच्यातली उंच बाई माझ्या जवळ सरकली आणि हळूच विचारू लागली, तुला कुठल्या एजन्सीनं आणलं? रविवारची सुट्टी देतात का?

मी ताठ उभी राहून सांगितलं की मी आजी आहे. सख्खी. मुलाकडची.

ती समजूतदारपणे हसली. म्हणाली, आमच्या बाईसाहेबही म्हणतात, तू घरच्यासारखीच. पण सुट्टी मागून घे हो. घरच्यासारख्यांना कुणी सुट्टी देत नाही.

मग तिनं फोनमधला तिच्या मुलीचा फोटो दाखवला. माझ्या नातीएवढीच. तिकडे आजीजवळ वाढते. आजीलाच आई म्हणते, आणि हिला फोनमधली मावशी समजते. सांगताना उंच बाई हसत होती, म्हणून मीही हसले.

यावर एक लेख झाला पाहिजे. गरीब देशांतल्या आया श्रीमंत देशांतली मुलं सांभाळतात, आणि त्या आयांची मुलं सांभाळतात त्यांच्या आया. म्हणजे अख्ख्या जगाचा गाडा शेवटी आज्यांच्या गुडघ्यांवर चालला आहे. हे एकाही परिषदेत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

लेख उद्या. आज गुडघा दुखतोय.

शुक्रवार, ८ मार्च.

सकाळी मुलाकडून फोनवर महिला दिनाच्या शुभेच्छा आल्या. गुलाबाचं चित्र. तो शेजारच्या खोलीत होता.

नातीची वेणी घालताना अखेर विषय काढला. वेणी घालताना माणूस पळू शकत नाही. आवाज शांत ठेवून विचारलं, सोमवारी तू त्या मुलीला काय सांगितलंस? तिला लगेच कळलं. आरशात माझ्याकडे न बघता म्हणाली, तूच म्हणाली होतीस ना, शाळेपाशी आजी आजी ओरडायचं नाही, लोक बघतात. आणि मिठ्या घरी मारायच्या. मग ती मुलगी म्हणाली ही कोण, तर मी काय सांगू?

सत्य परिस्थिती अशी. ती शाळेत जायला लागली त्या पहिल्या आठवड्यात मी हा नियम केला होता. फाटकातून बाहेर पडताच ही ‘आजीऽऽ’ करून बोंबलत यायची आणि पोटावर आदळायची. आजूबाजूची मुलं कशी रांगेत, शिस्तीत. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणत, रस्त्यात हाका फक्त आग लागली तर माराव्यात. आणि परक्या देशात आपल्यामुळे आपल्या माणसांची मान खाली जायला नको, हाही विचार होताच.

तेव्हा नियम बरोबर होता. तिनं तो जरा जास्तच मनापासून पाळला. तसं बघितलं तर हा माझ्या शिकवणीचा विजय आहे.

वेणी जरा घट्ट बसली. मग सोडून परत घातली.

रविवार, १० मार्च.

असहकार सुरू. काल मुलाला सांगितलं, यापुढे मला रविवारची सुट्टी हवी. वाटलं होतं, घरात धरणीकंप होईल. तो म्हणाला, अग घे की! आम्ही कधीचे म्हणतोय, आई जरा आराम कर.

कधी म्हणाले होते, आठवत नाही.

तिघं सकाळीच पोहायला गेली. मी सुट्टी घेतली. म्हणजे खुर्चीत बसले. लेख लिहायला घेतला, शीर्षक लिहिलं, त्याखाली रेघ मारली. खिडकीतून समोरच्या इमारतीतला म्हातारा दिसतो, तो त्याच्या खिडकीत बसतो. आम्ही एकमेकांना ओळख देत नाही. तत्त्व म्हणून.

संध्याकाळी नात परतली, केस सुनेनं विंचरलेले. भांग वाकडा. (नव्हता.)

मंगळवार, १२ मार्च.

आता शेवटचं शस्त्र काढलं. माळ्यावरून माझी मोठी बॅग खाली ओढली आणि सगळ्यांना दिसेल अशी दारात उघडून ठेवली. हे गेल्यानंतर मी इथे आले ती दोन महिन्यांसाठी. मला परत जाता येत नाही असं कुणी समजू नये.

मुलगा ऑफिसातून आला आणि बॅग बघून थबकला. म्हणाला, आई! देवासारखी काढलीस! मला उद्या टूरला नेमकी हीच हवी होती.

घेऊन गेला. चेन बसत नव्हती ती मीच बसवून दिली.

पण देव आहे. फ्रिजवर चुंबकाखाली शाळेचं पत्रक सापडलं. शुक्रवार, २२ मार्च, आजी-आजोबांची सकाळ. प्रत्येक मुलानं आपल्या आजीची किंवा आजोबांची वर्गाला ओळख करून द्यायची, मग त्यांनी दहा मिनिटं आपल्या आयुष्याबद्दल बोलायचं.

घरात कुणीही मला याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही. याचा अर्थ उघड आहे. सरप्राइज. पोरीला पश्चात्ताप झालाय आणि तिला सगळ्या वर्गासमोर भरपाई करायची आहे. आठ वर्षांच्या मानानं हा मोठेपणाच म्हणायचा. मी काही पाहिलेलंच नाही असं दाखवायचं ठरवलं आहे.

गुरुवार, १४ मार्च.

भाषणाचा विषय पक्का. स्थलांतर: काल, आज आणि उद्या. सुरुवात पक्ष्यांपासून, शेवट माणुसकीवर. मधे पासपोर्ट कार्यालयातले दोन किस्से आणि वितळणारे बर्फाचे डोंगर. बाथरूममध्ये दार लावून तालीम केली. चाळीस मिनिटं झाली. दहामध्ये बसवायचं म्हणजे जग फार कापावं लागेल.

संध्याकाळी विहीणबाई फोनच्या पडद्यावर आल्या. सुनेची आई. दर दोन दिवसांनी येतात. नात जिथे असेल तिथून ‘आजीऽऽ’ करून धावली. पडद्याला हाक मारलेली माझ्या नियमात बसत नाही, त्यामुळे मी आक्षेप घेतला नाही. विहीणबाईंनी नवीन मांजराचं पिल्लू दाखवलं, त्याचा पंजा हलवून टाटा करवला, स्वतः खदखदून हसल्या. त्या कशालाही हसतात. या पोरीचं नाक त्यांनी एकदा तरी पुसलं आहे का? तापात रात्री कधी बसल्यात? दुरून डोंगर साजरे, आणि दुरून आज्याही.

फोन ठेवल्यावर सून म्हणाली, आई, त्या बावीस तारखेबद्दल तुमच्याशी जरा बोलायचं होतं. मी हात वर करून तिला थांबवलं. म्हटलं, मला सगळं कळलंय, तू काही फोडू नकोस, पोरीची मजा जाईल. सुनेनं टूरवरून आलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्यानं फ्रिज उघडला, आत बघितलं, काही न घेता बंद केला.

भावनाप्रधान आहेत दोघंही. दाखवत नाहीत.

रविवार, १७ मार्च.

सुट्टी आजही घेतली. मागून घेतलेली गोष्ट टाकता येत नाही.

दुपारी मात्र तिघं घरी होती. नात खोलीचं दार लावून पाठ करत होती. मी दाराबाहेरून जात होते. (तीनदा जावं लागलं.) जे ऐकू आलं ते असं: माझी आजी खूप हसते. माझी आजी सगळ्यात गमतीदार आहे. माझ्या आजीला मांजरं आवडतात.

मी इतकी हसते हे मला माहीत नव्हतं. मुलं काय काय टिपत असतात. आरशासमोर जरा हसून पाहिलं. सवय केली तर जमेल.

मांजराचं कळलं नाही. मला मांजराच्या केसांनी शिंका येतात. पण लहान मुलाच्या निबंधात थोडी कल्पनाशक्ती चालायचीच.

बुधवार, २० मार्च.

मोरपंखी रेशमी साडी बाहेर काढली. मुलाच्या लग्नात नेसले होते. इस्त्री केली. भाषण बावीस मिनिटांवर आणलं आहे. बर्फाचे डोंगर काढावे लागले, ते तसेही जाणारच आहेत.

सावलीतल्या बायकांना सांगून टाकलं. पाठीमागून कुजबुज नको. शुक्रवारी सकाळी मी आत जाणार, वर्गात, पाहुणी म्हणून. उंच बाईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, म्हणजे तू खरंच आजी? मी म्हटलं, मग काय इतके दिवस थट्टा करत होते? ती म्हणाली, मी फोटो काढते तुझा बाहेर आलीस की. तुझ्या नातीबरोबर.

मी म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर.

शुक्रवार, २२ मार्च. सकाळचे ११.

क्रमानं लिहिते.

साडी नेसून बाहेर आले तेव्हा नात बूट घालत होती. वर बघून म्हणाली, तू अशी का? मी म्हटलं, कळेल. तिचा हात लेसवरच थांबला. सून घाईघाईनं म्हणाली, आई, आज मी सोडते तिला, तुम्ही थांबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, तुला उशीर होईल, आल्यावर सांग. आणि आम्ही निघालो. दप्तर नेहमीप्रमाणे माझ्याकडे. ती नेहमीप्रमाणे पुढे, पण फार भरभर.

आज फाटक सगळ्यांना उघडं होतं. किती तऱ्हेच्या आज्या आणि आजोबा. काठीवाले, कानात मशीन घातलेले, एकमेकांना धरून चालणारे. त्यांच्यातून मी आत गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं. फरशी चांगली ठेवली आहे.

वर्गाच्या भिंतीवर मोठा पडदा होता. पडद्यावर विहीणबाई. गळ्यात मोत्यांचा सर, मांडीवर मांजर. सगळ्या वर्गाकडे बघून हसत होत्या.

वर्गशिक्षिका, तरुण आहे, दाराशी आली. नातीला म्हणाली, तुझी आजी वेळेवर आली हं, आवाज छान येतोय. मग माझ्याकडे वळून आदरानं म्हणाली, आणि आपण?

नात माझ्यासमोर उभी होती. नजर बुटांवर. तिच्या शेजारी ती दोन वेण्यांची मुलगी, आज नाक पुसलेलं, माझ्याकडे टक लावून बघत होती. नातीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताप चढायच्या आधी होतात तशा. हे तिच्या आईला माहीत नाही, पडद्यावरच्या आजीला माहीत नाही, फक्त मला माहीत आहे.

मी म्हटलं, मी हिला सांभाळते. दप्तर द्यायला आले होते. तीन वाजता न्यायला येईन.

तीन वाक्यं. उच्चार निर्दोष. सिस्टर असत्या तर त्यांनी शाबासकी दिली असती.

शिक्षिका म्हणाली, किती सुंदर पोशाख आहे तुमचा! मी म्हटलं, पुढे एका कार्यक्रमाला जायचंय. दप्तर नातीच्या खांद्यावर अडकवलं. वजन फार असतं त्याचं, तिला पेलेल की नाही असं वाटलं. पेललं.

बाहेर उंच बाई फोन हातात धरून उभी. माझ्या मागे बघत राहिली. म्हणाली, एवढ्यात? मी म्हटलं, झालं. छान झालं. ती म्हणाली, टाळ्या वाजवल्या का? मी म्हटलं, तर! ती म्हणाली, रडलं का कुणी? मी म्हटलं, वर्गात तरी नाही.

तिनं माझा एकटीचाच फोटो काढला. चांगला आला आहे म्हणे. मी पाहिला नाही.

संध्याकाळी ७.

तीन वाजता गेले. साधी साडी नेसून. दप्तर घेतलं, रेनकोट घेतला. आज ती पुढे चालली नाही. मागेही नाही. दप्तर होतं त्याच हातात मी रेनकोट घेतला, म्हणजे एक हात मोकळा राहील. तो मोकळाच राहिला. रस्ता ओलांडताना तिनं विचारलं, तू रागावलीस? मी म्हटलं, गाड्या बघ.

घरी सून रडली. म्हणाली, आई, मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, तू उगाच वाईट वाटून घेऊ नकोस, पडदा असला की मुलांना आवडतं, आमच्या वेळी सिनेमाचं वेड होतं तसं. विहीणबाई छान बोलल्या असतील. मांजरही शांत होतं.

मग मुलगा माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसला. लॅपटॉप बंद. एवढ्यानंच मला समजायला हवं होतं. म्हणाला, आई, आम्ही बरेच दिवस विचार करतोय. शाळेतच एक क्लब आहे, संध्याकाळपर्यंत मुलांना ठेवतात, खेळवतात, अभ्यास घेतात. एक एप्रिलपासून जागा आहे. सोमवारी सकाळी त्यांना हो कळवायचंय. तुझा गुडघा, रोजची ती चाल, वर हे असं सगळं. तूच सुट्टी मागितलीस ना? आता रोजच सुट्टी.

मी म्हटलं, उत्तम. माझा लेख पूर्ण होईल.

तो म्हणाला, तुला वाईट नाही ना वाटलं? मी म्हटलं, तसं नाही रे.

शनिवार, २३ मार्च. सकाळी ९.

मुलाशी बोलून उपयोग नाही, सुनेशी बोलले तर ती रडते. ज्या अधिकाऱ्याच्या हातात निर्णय, त्यालाच लिहावं, हे मी नोकरीत शिकले. खालचं पत्र चांगल्या कागदावर उतरवून आज नातीच्या उशीवर ठेवणार आहे. मसुदा:

चि. नातीस,

विषय: तुला शाळेतून घरी आणण्याबाबत.

एक एप्रिलपासून शाळा सुटल्यावर तुला क्लबमध्ये ठेवण्याचं घाटत आहे, हे तुला कदाचित ठाऊक असेल. सोमवारी सकाळी तुझे बाबा तिथे होकार कळवणार आहेत. तत्पूर्वी या प्रकरणी तुझं म्हणणं ऐकून घेणं आवश्यक आहे. आजवर ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

काल वर्गात जे झालं त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तू ज्यांची ओळख करून दिलीस त्या तुझ्या आजीच आहेत, आणि त्या खरोखर खूप हसतात. रस्त्यात हाक न मारण्याबाबतचा नियम कालपासून रद्द झाला आहे. मारलीच पाहिजे असंही बंधन नाही.

प्रश्न एवढाच आहे: तीन वाजता मी फाटकापाशी यावं का? आजी म्हणून यावं असं मी म्हणत नाही. कामाला आहे म्हणून सांगितलंस तरी माझी हरकत नाही, आणि कुणी मला विचारलं तर मीही तेच सांगेन. दोघींचं एकच उत्तर असलं म्हणजे झालं. गुडघ्याचं कारण कुणी पुढे केल्यास ते ग्राह्य धरू नये, तो मी बघून घेईन.

क्लब आवडणार असेल तर तसंही कळवावं. राग येणार नाही. मात्र तोंडी नको. तोंडी तू मला बरं वाटेल असं काहीतरी सांगशील, आणि मी त्याचा मला हवा तो अर्थ लावीन.

शुद्धलेखन तपासलं जाणार नाही. ‘ये’ किंवा ‘नको’, एवढं एक अक्षर किंवा दोन, कुठल्याही कागदावर, पण तुझ्या हातचं. रविवार, २४ मार्च, संध्याकाळी सहा वाजण्याच्या आत.